कड्यावरचे दहा कान

सहदेव कुबलच्या धाकट्या बहिणीने, सुनंदाने, वयाच्या बासष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, ते साल २०४३. नवरा एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर, विधुर, पेडणेकर नावाचा. शिरवेळ गावाला त्या माघात दुसरा विषय नव्हता. सहदेव लग्नाला गेला नाही. या वयात मुंडावळ्या बांधायच्या तर आधी आरशाला विचारावं, असं तो बंदरावर चारचौघांत बोलला. ते बहिणीच्या कानावर गेलं, आणि पाच मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या भावाबहिणीचं येणंजाणं तुटलं. त्याच साली पाऊस सरल्यावर कड्यावर दहा कान लागले.

शिरवेळचा कडा दोन मैल लांब. वर काळ्या कातळाचं सपाट पठार, म्हणजे सडा, खाली समुद्र, आणि कडेकडेने एका माणसाच्या रुंदीची पायवाट. या वाटेचे दोन नियम आहेत. कड्यावर एकट्याने जायचं नाही, हा पहिला. आणि म्हाताऱ्याने पुढे, तरण्याने मागे चालायचं, हा दुसरा. कातळ खालून लाटांनी पोखरलेला असतो. कुठे पाय टाकला की पोकळ वाजतो हे जुन्या माणसाला ठाऊक. त्याने जिथे पाय ठेवला तिथेच मागच्याने ठेवायचा. या नियमाने शिरवेळात तीन पिढ्यांत कड्यावरून कोणी पडलं नव्हतं.

सहदेवने चाळीस वर्षं मासेमारी केली. पुढे मासा आटला तशी त्याने होडी वर ओढली आणि बाहेरून येणाऱ्या लोकांना कड्यावरचे पक्षी दाखवू लागला. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. त्याचं घरटं कुठल्या सुरूच्या झाडावर आहे, पाकोळ्या कुठल्या कपारीत झोपतात, पाणमांजर कुठल्या खडकावर मासा सोलतं, हे त्याला घरातल्या भांड्यांसारखं पाठ होतं. उडणारी घार लांबून बघून तो सांगायचा की हिच्या उजव्या पंखाला मार आहे. लोक दुर्बीण लावून खात्री करायचे. मार असायचाच.

कान बसवले ते त्याच्या मुलीने. मैथिली एकुलती एक. आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. पणजीच्या एका संस्थेत ती प्राण्यांच्या आवाजांचा अभ्यास करायची, आणि या कामासाठी घरी राहायला आली होती. प्रत्येक कान म्हणजे एक खांब. डोक्यावर उन्हावर चालणारी पाटी, चार बाजूंना चार मायक्रोफोन आणि एक भिंग. पक्ष्याचा आवाज चारही मायक्रोफोनना एकाच क्षणी पोचत नाही. जवळच्याला आधी, लांबच्याला नंतर. त्या केसभर फरकावरून पक्षी कुठे आहे ते यंत्र काढायचं, आणि भिंगातून तो कशाकडे बघून ओरडला ते टिपायचं. यात दोन-तीन हातांची चूक व्हायची, पण पक्ष्यांच्या कामाला तेवढं पुरे होतं. आवाज आणि कारण, आवाज आणि कारण, अशा लाखो जोड्या जमवून यंत्राने आपले आपण आवाजांचे ढीग लावले. साप आला, घार आली, जाळं ओढलं जातंय, हा माणूस दगड मारतो, हा मासळीची डोकी टाकतो. एकेचाळीस ढीग झाले. त्यातले चाळीस सहदेवने मुलीला तोंडाने करून दाखवले आणि सांगितलं की यासाठी खांब पुरायची गरज नव्हती.

एकेचाळिसावा त्यालाही माहीत नव्हता. खालच्या पट्टीतला, दोनदा येणारा, घशातल्या घशात केलेला आवाज. कावळे आणि घारी दोघंही तो करायचे. पायात नायलॉनचा धागा अडकलेल्या एका कुरव पक्ष्यावर केला. लंगड्या पाणमांजरावर केला. वायंगणकरांच्या म्हाताऱ्या कुत्र्यावर केला, तो अजून भाकरी खात होता आणि शेपटी हलवत होता तेव्हा. पहिल्या हिवाळ्यात नऊ जनावरांवर हा आवाज झाला आणि नऊच्या नऊ मेली. कुरव दहा दिवसांत, कुत्रा दोन महिन्यांत.

मग तो माणसांवर झाला. जाळी विणणारा भाऊ खोबरेकर रोज बायकोबरोबर कड्यावरून बंदरावर जायचा. आवाज सुरू झाल्यापासून शहाण्णव दिवसांनी तो छातीत कळ येऊन गेला. दुसऱ्या मिठबावकर, शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांना एकशे चोवीस दिवस मिळाले. शहाण्णव आणि एकशे चोवीस, मधला आकडा एकशे दहा. दोन माणसांवरून सरासरी काढू नये हे मैथिलीला ठाऊक होतं. गावाने काढली.

शिरवेळ हबकून गेलं. मेल्यानंतर पिंडाला कावळा शिवतो हे सगळ्यांना मान्य होतं. मरायच्या आधीच तो येऊन सांगतो हे कोणालाच झेपेना. निम्म्या लोकांनी कड्याची वाट सोडली. ग्रामसभेत खांब उपटायचा ठराव आला. मैथिली उभी राहिली आणि तिने साध्या शब्दांत समजावलं. पक्ष्याला मरण कळत नाही, ती म्हणाली. पक्ष्याला चाल कळते. कमजोर सावज ओळखण्यावर त्यांचं पोट आहे. चालताना एखादा हात कमी हलतो, एक पाय डोळ्याला न दिसेल इतका उशिरा उचलला जातो, दम राखायला माणूस खांदा पुढे घेतो. आजाराची खबर रक्ताच्या आधी चालीत येते हे डॉक्टरांनाही माहीत आहे, फक्त डॉक्टर आपल्याला रोज चालताना बघत नाहीत. हे पक्षी बघतात. तेव्हा हा आवाज म्हणजे शाप समजू नका. फुकटची तपासणी समजा.

लोकांनी ऐकून घेतलं. खांब राहिले.

चौदा नोव्हेंबर २०४४ च्या सकाळी सहदेव आणि मैथिली रोजच्यासारखे कड्यावर निघाले. तो पुढे, ती मागे, मध्ये हातभर अंतर. सहाव्या खांबापाशी एक घार डोक्यावरून गेली आणि तिने तो आवाज केला.

मैथिलीने आठ दिवस काही सांगितलं नाही. ती रोज यंत्रातला आकडा बघायची आणि जेवताना बापाला आणखी एक मासा वाढायची. नवव्या दिवशी सहदेव वाटेतच थांबला. त्याला कान होते, आणि आता हा एकेचाळिसावा आवाजही तो शिकला होता.

"तो माझ्यावर आसा मा?" त्याने मागे न वळता विचारलं.

मागून मुसमुसणं ऐकू आलं.

"रडतंस कित्याक? एकाहत्तर झाली. समुद्राने माका चारदा परत पाठवलेलो आसा. पाचव्यांदा कोणीतरी ठेवून घेतलाच."

ती त्याला गोव्याच्या इस्पितळात घेऊन गेली. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला दोन दिवस तपासलं तर काहीतरी सापडतंच. हृदयाची एक झडप गळत होती. डॉक्टर म्हणाले, जुनी असावी, वयाच्या मानाने ठीक, पण जपायला हवं. मैथिलीला कारण मिळालं, आणि कारण मिळालं की माणूस शोधणं थांबवतो. झडपेचं औषध सुरू झालं. आवाज थांबला नाही.

तिला जानेवारीत नॉर्वेला जायचं होतं. तिथल्या समुद्रकड्यांवर असेच कान लावायचे होते, तीन वर्षांचं काम. तिने ते नाकारलं. सहदेव दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मी मरतोय म्हणून तू जगणं थांबवणार असशील तर मी आजच कड्यावरून उडी घेतो, असं त्याने शेवटी सुनावलं. ती म्हणाली, घे, पण नियमाप्रमाणे एकट्याने जायचं नाही, मला बरोबर घेऊन जा. त्यावर तो हसला आणि भांडण मिटलं.

गावाने सहदेवला आपल्या परीने निरोप द्यायला सुरुवात केली. सुरमईचे तुकडे घरी येऊ लागले. ज्यांच्याशी बोलाचाली नव्हती ते ओट्यावर येऊन बसू लागले. वासू तांडेल नावाचा त्याचा जुना जोडीदार तेवढा बदलला नाही. रोज सकाळी बंदरावरून ओरडायचा, "सादेवा, अजून आसस?" आणि सहदेव उलट ओरडायचा की तुझा खांदा मोकळा दिसला की जातो. त्या एका हाकेने त्याला दिवसभर बरं वाटायचं.

डिसेंबरच्या शेवटी तो बहिणीच्या दारात गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा. काय बोलायचं ते ठरवून गेला होता, पण उंबऱ्यात सगळं विसरला. सुनंदाने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन तांदूळ वाढवले. जेवताना पेडणेकरच बोलत होता. आवाजाची गोष्ट त्याच्याही कानावर होतीच.

"सहदेवराव," तो म्हणाला, "तीस वर्षं मी तिकिटं फाडली. शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलेला माणूस मधेच उतरलेला बघितलाय, आणि मधल्या थांब्याचं काढून झोपी गेलेला थेट शेवटपर्यंत आलेलाही बघितलाय. तिकिटावर जाऊ नये."

सहदेवला तो माणूस आवडला. सोलकढी पिता पिता त्याने लग्नाला न आल्याबद्दल माफी मागितली. सुनंदा म्हणाली की आरशाला विचारलं होतं, आरसा हो म्हणाला. मग भाऊबहीण दोघंही रडली. मैथिली बाहेर ओट्यावर बसली होती. तिचं डोकं दुखत होतं. जागरणाने दुखतं, असं ती आत्याला म्हणाली.

दिवस जात राहिले. सहदेवने होडी वासूच्या मुलाला दिली. कुठल्या कपारीत कोण विणीला बसतं, कुठला कातळ पोकळ आहे, हे सगळं मैथिलीला सांगितलं आणि तिने लिहून घेतलं. एकशे दहावा दिवस आला. त्या दिवशी गावातली आठ-दहा माणसं काही ना काही निमित्त काढून घरी येऊन गेली. सहदेवने दुपारी दोन बांगडे जास्त खाल्ले. एकशे अकरावा दिवस आला. वासूने हाक मारली तेव्हा आवाजात थोडी नवलाई होती. सहदेवला जिन्यावर दम लागत नव्हता, झोप चांगली येत होती, आणि मनातून त्याला जरा ओशाळल्यासारखं वाटू लागलं होतं. मैथिलीला वाटलं, औषध लागू पडलं. तिच्या डोळ्यांत चार महिन्यांनी उजेड आला.

अकरा मार्च २०४५. शनिवार. ऊन चढायला लागलं होतं. सहाव्या खांबाच्या अलीकडे एक सपाट दगड आहे, सहदेव त्यावर टेकला. दम लागला म्हणून नव्हे. समोर खडकांवर काकणाची जोडी आली होती, आणि वर्षानुवर्षं लोकांना पक्षी दाखवताना त्याने स्वतः निवांत बसून त्यांना बघितलं नव्हतं. सातव्या खांबातली एक तार सैल झाली होती, ती मैथिलीला बघायची होती.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "चाळीस पावलां तर आसत. मी बघतंय तुका."

जन्मात पहिल्यांदा ती कड्याच्या वाटेवर त्याच्या पुढे गेली.

त्याने काकणावरून नजर काढली ती नियम मोडल्याच्या काळजीने. कातळ पोकळ आहे तिथे ती जपून जाते ना, एवढंच त्याला बघायचं होतं. ती जपून जात होती. एक घार खालून वाऱ्यावर वर आली, वाटेवर एक फेरा घेतला आणि तिने तो आवाज केला.

घार सहदेवच्या डोक्यावर नव्हती. ती चाळीस पावलं पुढे होती.

सहदेवचा डोळा पन्नास वर्षं पंख बघून तयार झालेला होता. त्याने मुलीकडे बघितलं, बाप बघतो तसं नव्हे, पक्षी बघतात तसं. डावं पाऊल उचललं जात होतं, पण अंगठा जमिनीला चाटून. उजवा हात मोकळा हलत होता, डावा कडेला लोंबत होता. खांबापाशी ती वळली तेव्हा डाव्या चपलेचं टोक झिजून कातडं दोर्‍यापर्यंत आलेलं त्याला इतक्या लांबून दिसलं. एवढा वेळ ही चाल त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर होती.

स्वतः मरणार ही बातमी त्याने जेवणाच्या घासाबरोबर गिळली होती. ही बातमी अंगात शिरेना. घारीने दुसरा फेरा घेतला, पुन्हा तोच आवाज केला, आणि मैथिलीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग बापाकडे. मधलं अंतर तिने डोळ्यांनी मोजलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला.

ती परत आली. त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तू हंयच बसलेलंस?"

"हंयच."

"उठलंस नाय?"

"नाय."

ती खाली बसली. एकशे सतरा दिवसांच्या नोंदी तिच्याकडे होत्या. प्रत्येक नोंदीत पायवाटेवर दोन माणसं होती, हातभर अंतराने, आणि यंत्राची चूक दोन-तीन हातांची. बापाला एकदा एकट्याने चालवून बघायचं तिला सुचलं नव्हतं. कड्यावर एकट्याने जायचं नाही.

"गावचा पोर शाळेत अशी चूक करता तर मी त्याका नापास केलंय असता," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "दोघांतला एक जण म्हातारा आसा, म्हणून मी विचारलाच नाय की दुसरा कोण."

घरी परतताना सहदेव मागे चालला. पोकळ कातळापाशी तो मागून सांगत होता, डावीकडे घे, आता पाऊल लांब टाक. त्याला तिचं प्रत्येक पाऊल दिसत होतं आणि त्याला डोळे मिटता येत नव्हते.

गोव्याच्या त्याच इस्पितळात तिच्या डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती, लहान लिंबाएवढी. डॉक्टरबाई तरुण होत्या, मैथिलीच्याच वयाच्या. त्यांनी काही लपवलं नाही. ही गाठ वेगाने वाढणारी आहे, त्या म्हणाल्या, चार महिन्यांपूर्वी बोराएवढी असती आणि अशा जागी असती की पूर्ण काढता आली असती. आता ती खोल गेली आहे. आपण जमेल तेवढी काढू. चार महिने हा आकडा त्यांनी सहज सांगितला, त्यांना पक्ष्यांची गोष्ट माहीत नव्हती. सहदेव खुर्चीवरून उठला आणि बाहेरच्या भिंतीला तोंड करून उभा राहिला. बरोबर आलेला पेडणेकर त्याच्या शेजारी तसाच तासभर उभा होता.

शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. मैथिली घरी आली ती डोक्याला रुमाल बांधून आणि हातात काठी घेऊन. सुनंदा आपलं घर बंद करून भावाकडे राहायला आली. नवराही मागोमाग आला आणि स्वयंपाकाचं त्याने आपल्याकडे घेतलं.

एका दुपारी सहदेव कुऱ्हाड घेऊन कड्याकडे निघाला. वासू तांडेल त्याच्याबरोबर गेला, कारण एकट्याने जायचं नाही. सहाव्या खांबाशी पोचून सहदेवने कुऱ्हाड उचलली. वासूने त्याला अडवलं नाही. फक्त म्हणाला की खांबाने खरं तेच सांगितलं होतं, तोडायचंच तर आपले दोघांचे कान तोड. सहदेव कुऱ्हाड घेऊन परत आला.

मैथिलीला हे कळलं तेव्हा तिने सरपंचांना घरी बोलावून घेतलं. थकलेल्या डोक्यानेच तिने नवे नियम ठरवून दिले. यापुढे यंत्र कोणाच्या नावाने काही जाहीर करणार नाही. ज्याला कळून घ्यायचं असेल त्याने यावं, आणि सहाव्या ते सातव्या खांबापर्यंतची चाळीस पावलं एकट्याने चालावी. बरोबरचा माणूस दगडावर बसून नजर ठेवील. शिरवेळच्या वाटेचा पहिला नियम तीन पिढ्यांनंतर तेवढ्या चाळीस पावलांपुरता मोडला गेला. पावसाळ्यानंतर सत्तावीस माणसं चालली. तिघांवर आवाज झाला. तिघंही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली, आणि तिघंही आज जिवंत आहेत. त्यातली एक वासू तांडेलची सून.

नोव्हेंबरपासून मैथिलीला उभं राहता येईना. नाताळच्या सुट्टीत पक्षी बघायला लोक आले तेव्हा तिने कड्यावर न्यायला सांगितलं. वाट अरुंद. वासूच्या मुलाने लाकडी खुर्चीला दोन वल्ही बांधली, एक जण पुढे आणि एक जण मागे, आणि तिला वर नेलं. सर्वांत पुढे सहदेव. सहाव्या खांबापाशी खुर्ची खाली ठेवली. समोर काकणाची जोडी खडकावर बसली होती. घारी येत होत्या, जात होत्या. एक तर अगदी खाली आली, खुर्चीवरून गेली. तिने काही आवाज केला नाही. दुसरीनेही नाही.

सहदेवने मुलीकडे बघितलं. तिला आधीच कळलं होतं.

"चालच नाय तर ती काय बोलतली," ती म्हणाली. बोलणं जड झालं होतं, पण शब्द समजले. "बघ बाबा. त्यांच्या मते मी बरी आसंय."

ऊन कलेपर्यंत ते तिथे बसले. पाणमांजराच्या दोन पिल्लांनी खडकावर मासा ओढत आणला, त्यांचं भांडण झालं आणि मासा समुद्रात पडला. ते बघून मैथिली मनापासून हसली. मग थंडी वाजू लागली म्हणून तिला खाली आणलं.

मैथिली सहदेव कुबल २८ जानेवारी २०४६ रोजी, रविवारी, सकाळी सव्वासहा वाजता शिरवेळ येथे राहत्या घरी वारली. तिचं वय चौतीस वर्षं होतं. तिचा बाप हयात आहे.